सही करणारा पुढच्या सीटवर

"हमीद, अजून किती वेळ?"

मी विमानाच्या खालच्या पंखाखाली उताणा पडलो होतो. डोक्यापाशी सेक्रेटरीसाहेबांचे बूट येरझारा घालत होते. पडीतातलं वाळलं गवत पाठीला टोचत होतं.

"बघतोय, साहेब."

"सकाळपासून बघतोयस. काही सापडलं?"

"नाही."

"मग सही कर."

माझी अडचण तीच होती. काही सापडत नव्हतं आणि भीती जात नव्हती.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका फ्लाइंग क्लबात मी ग्राउंड इंजिनिअर होतो. नाव इंजिनिअर, पण लोक मला मिस्त्रीच म्हणत, आणि त्यात काही चूक नव्हती. माझे अब्बा चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणत, बेटा, तुझं काम माझ्यापेक्षा सोपं. घड्याळ बंद पडलं की गिऱ्हाईक भांडायला परत येतं. तुझं गिऱ्हाईक कुठून परत येणार?

हा विनोद त्यांना फार आवडायचा. मला त्यानं झोप लागत नसे.

विमान शिकाऊ मुलांसाठीचं होतं. पुढेमागे दोन सीटा, एकावर एक असे दुमजली पंख. सांगाडा बराचसा लाकडाचा आणि त्यावर ताणलेलं कापड. त्या कापडाला डोप लावतात. डोप म्हणजे एक प्रकारचं व्हार्निश, त्यानं कापड ढोलाच्या कातड्यासारखं घट्ट होतं. आमचे इन्स्ट्रक्टर कॅप्टन रेगे एका विद्यार्थ्याला घेऊन नागपूरहून लांबच्या फेरीवर निघाले होते. वैनगंगा ओलांडताना इंजिन खोकायला लागलं आणि मग गप्पच झालं. चामोर्शीच्या अलीकडे एका गावाचं मोठं पडीत त्यांना दिसलं. तिथे विमान आदळलं, दोनदा उसळलं आणि मोहाच्या झाडाच्या जरा आधी थांबलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. विद्यार्थी दुसऱ्या दिवशी मोटारीनं घरी गेला. पुढे तो वकील झाला असं ऐकतो.

कॅप्टन मात्र गावातच राहिले. विमान सोडून जायचं नाही, असा नियम होता. जनाबाई नावाच्या एका विधवा शेतकरणीनं त्यांना घरी ठेवून घेतलं होतं. गावानं विमानाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, कारण गुरांना डोपचा वास भारी आवडतो. चाटता चाटता ती कापड खाऊन टाकतात. हे गावाला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी एका गाईनं शेपटाकडची बाजू चाटायला घेतली, तेव्हा कळलं.

क्लबाचे सेक्रेटरीसाहेब आणि मी जीपनं पोचलो तेव्हा आठवडा उलटून गेला होता. इंजिनाचा आजार लवकर सापडला. पेट्रोलमध्ये पाणी होतं. ते काढलं, नळ्या धुतल्या, इंजिन छान चालू लागलं. पण इंजिन चालतं म्हणून विमान उडण्यालायक झालं असं नसतं. कायद्यात त्याला एअरवर्दी म्हणतात. त्यासाठी सरकारी सर्टिफिकेट लागतं, ते वर्षभर चालतं. पण विमान असं आदळलं की सर्टिफिकेट खिशात असूनही काही कामाचं नाही. लायसन असलेल्या माणसानं सगळं तपासून, हे सुरक्षित आहे, अशी सही केली पाहिजे. ती सही माझी.

सर्टिफिकेटची मुदत त्याच दिवशी संपत होती. सूर्य मावळायच्या आत विमान नागपुरात उतरलं तर ठीक. नाहीतर ते इथेच कायद्यानं मेलं. मग पंख काढा, बैलगाड्यांवर घाला, चांद्याच्या स्टेशनावर न्या, आणि नव्या सर्टिफिकेटसाठी सगळं उसवून सरकारला दाखवा. क्लबाकडे दुसरं चालू विमान नव्हतं. मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. सेक्रेटरीसाहेबांच्या बुटांना घाई होती ती त्यामुळे.

आणि मला भीती होती ती दुसऱ्या एका गोष्टीमुळे. आमच्या क्लबात एक रीत होती. कायद्यात ती नाही. आदळलेल्या विमानाला जो पास करतो, त्यानं पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसायचं. पायलट मागे, सही करणारा पुढे. आमच्या जुन्या चीफ इंजिनिअरनं ती घालून दिली होती. तो म्हणे, हात आपोआप नीट चालतात.

मला विमानात बसायची भीती वाटते. हे ऐकून लोक हसतात. पण त्यांना पंख म्हणजे पंख दिसतो. मला त्याच्या आतली प्रत्येक काडी, प्रत्येक तार, प्रत्येक बोल्ट दिसतो, आणि त्यातलं काय काय कसं मोडू शकतं तेही दिसतं. त्या दिवसांत माझ्या बायकोचे, रुकय्याचे, दिवस भरत आले होते. निघताना अम्मीनं माझ्या दंडावर नवा ताईत बांधला होता. मी नको म्हटलं नाही.

मी चाकांचे दांडे पाहिले, तारांचा ताण पाहिला. कापड दोन-तीन ठिकाणी उघडून आतलं लाकूड बोटानं चाचपलं, परत शिवलं, डोप लावलं. गावानं पंखांना बांधलेले गंडेदोरे कापले, दांड्यांवरचं हळदकुंकू पुसलं. सगळं ठीक होतं. कॅप्टन रेगे मोहाखाली उभे राहून शीळ घालत होते. ते घाबरले की शीळ घालतात, हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना सोडून.

तेवढ्यात जनाबाई पितळी पेल्यात गुळाचा चहा घेऊन आल्या.

"घ्या जी. तोंड काऊन असं सुकून गेलं तुमचं? भेव लागून राह्यलं का?"

नागपुरात कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण चांद्याच्या माणसाला चांद्याच्या बोलीत खोटं बोलणं जड जातं.

"लागून राह्यलं, बाई."

"भेऊ नका. काई होत नाई. आमी बंदोबस्त केला ना. दौलत वाढईनं खिळा मारला."

पेला ओठांपाशीच राहिला.

"खिळा? कशाले?"

"नजरेचा. चार गावचे लोक पाहून गेले याले. एवढी पाखरासारखी वस्तू, नजर नाई लागन का? कॅप्टनभाऊ त्यातच बसून जाईन. नव्या गाडीले मारतेत तसा मारजो, म्हनलं दौलतले. मीच सांगितलं."

"कुठी मारला?"

"थे दौलतलेच ठाव. खिळ्याची जागा सांगत नसतेत. सांगितली का खिळा वाया गेला."

त्या बाईच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला ओरडताही येईना. मी चहा न पिताच पेला खाली ठेवला. 

बैलगाडीचं लाकूड सागाचं किंवा बीजाचं, दोन्ही टणक. त्यात खिळा गेला तर लाकडाला कळतही नाही. विमानाचं लाकूड वेगळं. हलकं, मऊ, सरळ रेषेचं. त्यात खिळा ठोकला की रेष उकलते. जमिनीवर काही होत नाही. वर वारा आणि वजन दोन्हीकडून दाबायला लागले की उकललेली रेष वाढत जाते. म्हणून आम्ही खिळा मारतच नाही. जिथे बोल्ट घालायचा तिथे कारखान्यातच मोजून भोक पाडलेलं असतं.

मी सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं. ते वकील होते.

"तू विमान पूर्ण तपासलंस?"

"हो."

"खिळा दिसला?"

"नाही."

"मग पुराव्यात काय आहे? एका बाईनं ऐकलेली गोष्ट. हमीद, तू इंजिनिअर आहेस की देवऋषी? नजरेच्या खिळ्यासाठी विमान जमिनीवर ठेवलं म्हणून मी दिल्लीला काय कळवू?"

"साहेब, मला माहीत नव्हतं तोवर मी सही केली असती. आता माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की खिळा आहे आणि तो मला सापडलेला नाही."

कॅप्टन रेग्यांची शीळ थांबली होती. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्यानं खरंच मारला असेल का रे?"

"वाढई आहे, साहेब. मारला म्हणाला तर मारलाच असेल."

वाढई म्हणजे गाड्या करणारा सुतार. दौलतचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात तो पटाशीनं चाकाचा आरा तासत बसला होता. साठीचा असावा. धिप्पाड, अंगात बंडी, मान खाली. जनाबाईही आमच्या मागोमाग आल्या.

"दौलतभाऊ, विमानाले खिळा मारला तुमी?"

"मारला जी."

"कुठी?"

"थे नाई सांगत."

"मले पाहा लागते."

"पाहून काय करान?"

"काढीन."

पटाशी थांबली. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काढान, आन् वरतं गेल्यावर काई झालं तं? दोन जीव बसून राह्यले त्यात. त्याईचं पाप कोनावर?"

मी त्याला लाकूड कसं उकलतं ते समजावलं. तो शांतपणे ऐकत होता.

"लाकूड मले कळते, मिस्त्रीभाऊ. बारीक भोक पाडूनच मारला. बीजाले काई होत नाई."

"हे बीजा नाई."

"असन. पन मी जागा सांगितली आन् विमान पडलं, तं मी पान्याले तोंड कसं लावू?"

सेक्रेटरीसाहेबांचा तोल गेला. "सरकारी कामात अडथळा आणतोस? पोलिसांना बोलवू?"

"बलावा जी," दौलत म्हणाला. "चामोर्शीवरून याले त्याईले रात होईन."

ऊन तोवर बरंच कललं होतं. नागपूरला दीड तास लागणार. मी मनाशी हिशेब केला, आणि खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं, साहेब म्हणतात तसं करावं. सगळं ठीक दिसतंय. करावी सही, डोळे मिटावे आणि बसावं. मग रुकय्या डोळ्यांपुढे आली. मी दौलतच्या समोर मातीतच बसलो.

त्याच्यावर रागावता येत नव्हतं. माझ्या दंडावरचा ताईत कोणी उघडून दाखव म्हटलं असतं, तर मी तरी दाखवला असता का?

"दौलतभाऊ," मी म्हणालो, "मले भेव लागते. रोजच लागते. माह्यी बायको पोटुशी हाय. आज मी सही केली का त्यात पुढं मीच बसतो."

"तुमी? तुमी काऊन? थो कॅप्टन चालवते ना?"

"तो मांगं बसते. आमच्यात रीत हाय. ज्यानं पास केलं, त्यानं पयल्या खेपेले पुढं बसाचं."

दौलतनं पटाशी खाली ठेवली.  मग डाव्या हातानं अंगणातल्या नव्या गाडीकडे बोट केलं.

"नवी गाडी झाली का पयले आमीच बसतो. रिकामी घेतो आन् नदीच्या उतारानं सोडतो. मोडली तं वाढईचं डोकं फुटलं पायजे, धन्याचं नाई. माह्या बापाचा पाय तसाच गेला." त्यानं विमानाच्या दिशेनं मान केली. "मंग गाडी तुमची म्हना."

"माह्यी नाई, भाऊ. क्लबाची हाय."

"क्लब बसते का पुढं?"

"नाई."

"मंग तुमचीच. ज्याची गाडी त्याले सांगाले चालते. तसं पयलेच बोलाले पायजे होतं." तो उठला, सेक्रेटरीसाहेबांकडे एकदा पाहिलं, आणि वाकून माझ्या कानात जागा सांगितली.

आता खिळा तिथे नाही, म्हणून मीही सांगतो. वरचा आणि खालचा पंख यांच्यामध्ये उभे लाकडी दांडे असतात. त्यांना स्ट्रट म्हणतात. दोन्ही पंख एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं काम त्यांचं. सगळं विमान कापडानं झाकलेलं, उघडं लाकूड म्हणून नजरेत भरतं ते तेवढंच. वाढई आणखी कुठे खिळा मारणार? डाव्या पंखाच्या पुढच्या स्ट्रटला, आतल्या बाजूनं, त्यानं खिळा मारला होता. डोकं आत बुडवून वर लाख भरली होती आणि ती बिब्ब्याच्या काळ्यानं रंगवली होती. आमचे स्ट्रट काळेच होते. काम इतकं साफ की जागा कळूनही मला ती हातानं शोधावी लागली.

लाख उकरली. चिमट्यानं खिळा ओढला. भोकापासून वर केसासारखी एक रेष गेली होती, वीतभर.

"एवढीशी?" सेक्रेटरीसाहेब वाकून म्हणाले. "केसाएवढी चीर? अरे, दीड तासाचा तर प्रवास आहे."

मी वाद घातला नाही. पंखाखाली टेकू म्हणून लाकडी घोडा लावला, तारा सैल केल्या आणि स्ट्रट काढला. तो जमिनीवर उभा धरला, वरच्या टोकावर दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा भार टाकला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा जरा जोर केला. कट् असा आवाज झाला, आणि दांड्याची दोन फाळकी होऊन माझ्या पायांशी पडली.

 कॅप्टन रेगे गवतात खाली बसले. त्यांचा रंग उडाला होता. माझाही उडाला असणार, कारण जनाबाई कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. वर गेल्यावर हा आवाज ऐकू आला असता का, हा विचार माझ्या डोक्यातून हलेना. इंजिनाच्या आवाजात नसताच आला. नुसता डावा पंख मिटला असता.

दौलतनं दोन्ही फाळकी उचलली. त्यानं रेषेवर अंगठा फिरवला, परत परत फिरवला. 

"मी मारलं असतं तुमाले," तो म्हणाला.

"वाचवलं, भाऊ. सांगितलं ना तुमी."

"एवढं मऊ लाकूड," तो आपल्याशीच बोलला, "आन् यावर मानसं बसवतेत?"

मी खिळा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

मी सही केली नाही. सूर्य मावळला, सर्टिफिकेट संपलं. सेक्रेटरीसाहेब जीपमध्ये बसून निघून गेले, जाताना माझ्याशी बोलले नाहीत. पुढेही बरेच दिवस बोलले नाहीत. पंख काढायला दौलत आणि गावातली माणसं आली. दौलतनं तीन गाड्यांवर भाताच्या तणसाची गादी केली, पंख बायकोच्या नव्या लुगड्यात गुंडाळले आणि पहिल्या गाडीवर स्वतः बसला. वैनगंगेच्या उतारावर त्यानं मला खाली उतरवलं. म्हणाला, आता गाडी माह्यी हाय. पलीकडे गेल्यावरच मला परत चढू दिलं. चांद्याच्या स्टेशनावर विमान पोचलं तेव्हा कापडावर एक ओरखडा नव्हता.

नवं सर्टिफिकेट मिळेपर्यंत पावसाळा लागला. पहिल्या फेरीला मी पुढच्या सीटवर होतो. तोवर मुलगी झाली होती. कॅप्टन रेगे मागच्या सीटवरून शीळ घालत होते आणि मी येतील तेवढ्या कुराणातल्या आयती म्हणत होतो. उतरल्यावर दोघेही म्हणालो की मजा आली.

इतकी वर्षं नोकरी करून मी एकच शहाणपण शिकलो. बाहेरगावी पडलेलं विमान तपासायला गेलो की आधी विमानाला हात लावायचा नाही. ज्यांच्या दारात ते पडलंय त्यांच्याकडे चहा मागायचा आणि बसून बोलायचं. पुस्तकात ही तपासणी नाही. नव्या पोरांना सांगितली की ती हसतात, मग चहाला येतात.

स्टेशनावर दौलतनं माझ्याकडे तो खिळा मागितला होता. मी दिला. माझी हत्यारांची पेटी सागाची, अब्बांच्या दुकानातली. त्यानं ती आपल्या मांडीवर घेतली, माझ्याकडे पाठ केली आणि थोडा वेळ ठकठक केलं.

"हे सागाचं हाय," तो म्हणाला. "याले काई होत नाई." मग ज्याची पेटी त्याला सांगायला चालतं म्हणून त्यानं मला जागा दाखवली. ती पेटी रिटायर होईपर्यंत माझ्याबरोबर प्रत्येक विमानाखाली गेली. आता ती मुलीकडे आहे, ती तिच्यात शिवणाचं सामान ठेवते. खिळा कुठे आहे, हे तिनं खूपदा विचारलं. मी म्हटलं, पेटी तुझी झाली, कान इकडे कर.